दमा, ओल आणि बुरशी : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेल्या पत्रांमागची तक्रार एकच आहे. दम्याचं औषध चालू आहे, तरी दमा आटोक्यात येत नाही. कुणाच्या घराला ओल आहे, कुणाच्या रिपोर्टवर ‘ॲस्परजिलस’ या बुरशीचं नाव आलं आहे, कुणाला भलतंच औषध चालू आहे. उत्तरं छातीविकार आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांनी मिळून दिली आहेत. औषधांच्या मात्रा तुमची चिठ्ठी तुम्हाला समजावी म्हणून दिल्या आहेत, स्वतःहून गोळी सुरू किंवा बंद करण्यासाठी नाहीत.

माझं वय ३४. दोन वर्षं पंप घेते, तरी आठवड्यातून तीन-चारदा पहाटे धाप लागून जाग येते. पलंगामागच्या भिंतीवर पावसाळ्यात काळी बुरशी चढते. मला बुरशीची ॲलर्जी असेल का? कोणती तपासणी करू?
— एक वाचक, चिपळूण

पहाटे जाग येते म्हणजे दमा आटोक्यात नाही, हे नक्की. गेल्या चार आठवड्यांपुरते चार प्रश्न स्वतःला विचारा. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे रात्री जाग आली का? दम्यामुळे एखादं काम टाळलं का? तीन किंवा चार ‘हो’ आले, तर उपचारात काहीतरी चुकतंय किंवा काहीतरी निसटतंय.

बहुतेक वेळा चूक पंपात सापडते, म्हणून भिंतीच्या आधी पंप तपासू. गॅसचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या. पंप हलवा, ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा. स्पेसरमध्ये एकच फवारा मारा आणि लगेच तोंडाने सावकाश, खोल श्वास ओढा. दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये मारले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. कॅप्सूल फोडून घ्यायची पावडर असेल तर नेमकं उलट करायचं, श्वास जोरात आणि झटक्याने ओढायचा. कोकणातल्या हवेत या कॅप्सूल ओल धरतात. मग पावडर गोळा होऊन आतच राहते. डबीचं झाकण घट्ट ठेवा, कॅप्सूल ऐन वेळी बाहेर काढा आणि धुतलेलं उपकरण पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका.

पंपात औषध उरलंय का, हे तो पाण्यात तरंगवून कळत नाही. हिशेब करा. १२० फवाऱ्यांचा पंप सकाळी दोन आणि रात्री दोन घेतला तर बरोबर ३० दिवस पुरतो. त्यानंतरही त्यातून फवारा येतो, पण औषधाची खात्री नसते. तोच पंप तीन महिने चालला असेल, तर दमा का आटोक्यात नाही याचं उत्तर तिथेच मिळालं.

हे सगळं ठीक असूनही पहाटे जाग येत असेल, तर रक्ताची एक तपासणी मागा : ‘ॲस्परजिलस फ्युमिगेटस स्पेसिफिक आयजीई’. आयजीई म्हणजे ॲलर्जीत वाढणारं रक्तातलं प्रथिन, आणि इथे फक्त या बुरशीविरुद्धचं मोजतात. भिंतीवर बुरशी आहे म्हणून ही तपासणी करायची, असं नाही. भिंत स्वच्छ असली तरी करायची, कारण या बुरशीचे बीजाणू सगळ्यांच्याच श्वासात जातात. ०.३५ किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर तुमच्या शरीराला या बुरशीची ॲलर्जी आहे. तो कमी आला, तर फुफ्फुसातल्या ॲस्परजिलसच्या आजाराची शक्यता फारच थोडी राहते आणि पुढचा बराच खर्च वाचतो. याच बुरशीची त्वचेवर टोचून करायची चाचणीही आहे, पण या कामासाठी रक्ताची जास्त भरवशाची. शिवाय रक्ताच्या तपासणीआधी सर्दीच्या ॲलर्जीची गोळी थांबवावी लागत नाही.

ॲस्परजिलसच का, तेही सांगतो. भिंतीवर काळी दिसणारी बुरशी बरेचदा क्लॅडोस्पोरियमसारखी असते. शेतातल्या आल्टरनेरिया बुरशीचे बीजाणू मोठे असतात. ते बहुतेक नाकात आणि वरच्या श्वासमार्गात अडकतात आणि तिथून दमा भडकवतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा. तो खोल श्वासनळीत पोहोचतो, आणि ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेत, ही बुरशी आरामात वाढते. दम्याच्या रुग्णाच्या चिकट कफात तिला ओलावाही मिळतो आणि थाराही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘टोटल आयजीई १८५०’ आलं आहे. ॲस्परजिलसचं आयजीई ४.२ आहे. इंटरनेटवर ‘हजारच्या वर म्हणजे एबीपीए’ असं वाचलं आणि झोप उडाली. मला हा आजार झाला का?
— एक वाचक, नाशिक

आकड्याआधी त्याच्यासमोर छापलेलं एकक वाचा. टोटल आयजीई म्हणजे रक्तातलं सगळं आयजीई मिळून. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत त्यासमोर ‘नॅनोग्रॅम प्रति मिली’ आहे. तुम्ही वाचलेली हजारची मर्यादा ‘आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिली’ची. एक युनिट म्हणजे २.४ नॅनोग्रॅम. १८५० ला २.४ ने भागलं की सुमारे ७७० युनिट होतात.

एबीपीए म्हणजे ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मनरी ॲस्परजिलोसिस. कफात रुजलेल्या बुरशीविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया हाताबाहेर जाते, तो हा आजार. बुरशी फुफ्फुसाच्या मांसात घुसत नाही. नुकसान होतं ते त्या प्रतिक्रियेने. १९५२ मध्ये लंडनमध्ये हिन्सन, मून आणि प्लमर या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. निदानाच्या कसोट्या त्यानंतर अनेकदा बदलल्या. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कसोट्यांत टोटल आयजीई १००० युनिटच्या वर लागायचं. २०२४ च्या सुधारित कसोट्यांत ही मर्यादा ५०० वर आणली. म्हणून जुन्या लेखांतला हजारचा आकडा पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

नव्या कसोट्या अशा. आधी दमा किंवा एबीपीएला वाव देणारा दुसरा एखादा आजार हवा. मग दोन गोष्टी हव्यातच : ॲस्परजिलसचं आयजीई ०.३५ किंवा जास्त आणि टोटल आयजीई ५०० किंवा जास्त. तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत. यांच्या जोडीला पुढच्या तिनांपैकी दोन लागतात : ॲस्परजिलसविरुद्ध आयजीजी (दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड) वाढलेलं, रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी मायक्रोलिटरला ५०० किंवा जास्त, आणि छातीच्या सीटी स्कॅनवर जुळणारे बदल. तुमच्या रिपोर्टमध्ये हे तिन्ही नाहीत. म्हणजे तुमचं निदान व्हायचं आहे. आता इओसिनोफिलची मोजणी आणि आयजीजी करून घ्या, आणि पातळ काप घेणारा छातीचा सीटी स्कॅन. तो डाय न टोचता केलेला पुरतो.

एक गोष्ट मात्र तातडीने पाहा. रक्त देण्याआधीच्या आठवड्यांत तुम्हाला स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या का? त्यांनी इओसिनोफिल एका-दोन दिवसांत कोसळतात आणि आयजीईही हळूहळू उतरतं. रिपोर्ट साधा दिसतो आणि आजार लपतो. होत्या, तर तारखांसकट डॉक्टरांना सांगा. जंत आणि अंगावरचा इसब यांनीही टोटल आयजीई वाढतं. म्हणूनच एकट्या टोटल आयजीईवर कुणी एबीपीए ठरवला, तर ते निदान मानू नका.

भावाला लहानपणापासून दमा. एक्स-रेत डाग दिसला म्हणून टीबीचं औषध सुरू झालं, चार महिने झाले, फरक नाही. बेडक्यात टीबीचे जंतू एकदाही सापडले नाहीत. खोकताना तपकिरी, रबरासारखे कडक तुकडे पडतात. डॉक्टर म्हणतात, कोर्स पूर्ण करा.
— एक वाचक, सोलापूर

हे तपकिरी तुकडे फार महत्त्वाचे आहेत. पुढच्या वेळी पडले की झाकणाच्या स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांना दाखवा. निदान मोबाइलवर फोटो तरी काढा. श्वासनळीच्या आकारात घट्ट झालेला तो कफ आहे. त्यात इओसिनोफिल पेशींचा चिखल असतो आणि बुरशीचे धागेही सापडू शकतात. असा बोळा श्वासनळीत बसला की त्यापुढचं फुफ्फुस मिटतं, आणि एक्स-रेवर तो भाग डागासारखा दिसतो. भारतात टीबी इतका आहे की डाग दिसला की पहिला विचार टीबीचा होतो, आणि तो चुकीचाही नाही. चूक होते ती पुढे. जंतू सापडत नाहीत, औषध लागू पडत नाही, रुग्णाला दमा आहे, तरी कुणी थांबून पुन्हा विचार करत नाही. असे रुग्ण या देशात थोडे नाहीत, आणि काहींनी तर टीबीचा कोर्स दोनदा पूर्ण केलेला असतो.

भावाचे आतापर्यंतचे सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे लावून न्या. टीबीचा डाग सहसा जागेवर असतो. एबीपीएचा डाग आज उजवीकडे वर, सहा महिन्यांनी डावीकडे, असा जागा बदलतो, कारण बोळा एकीकडून सुटतो आणि दुसरीकडे बसतो. सीटी स्कॅनवर दोन गोष्टी शोधायच्या असतात. एक म्हणजे मध्यभागाजवळच्या श्वासनळ्या रुंदावलेल्या आहेत का. त्याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. दुसरी म्हणजे आतला कफ पाठीच्या स्नायूपेक्षा जास्त पांढरा दिसतो का. असा दाट कफ दिसला, तर निदान एबीपीएचंच. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला ‘दमा आहे, एबीपीएची शंका’ एवढं चिठ्ठीवर लिहून कळवायला सांगा. शंका माहीत नसेल तर हा कफ सहज नजरेतून सुटतो.

टीबीचं औषध मात्र घरी ठरवून बंद करू नका. बेडक्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय) तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) झालं नसेल तर आधी ते करा. बेडका पुरेसा पडत नसेल तर दुर्बिणीतून नमुना घ्यावा. हा आग्रह अशासाठी की एबीपीएवर स्टिरॉइड दिलं आणि खरंच टीबी निघाला, तर टीबी फोफावतो. उलट बाजूही तितकीच खरी. टीबीचं औषध रिफाम्पिसिन चालू असताना बुरशीचं औषध इट्राकोनाझोल दिलं, तर रिफाम्पिसिन ते शरीरात टिकूच देत नाही. रक्तात पुरेशी पातळी येत नाही आणि ‘औषध लागू पडलं नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. टीबी आहे की नाही याचा निकाल आधी, बुरशीचा उपचार नंतर.

यजमानांना एबीपीए आहे. इट्राकोनाझोल २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन महिने झाले. आयजीई ३१०० युनिटवरून २९०० झालं, एवढंच. पित्ताची कॅप्सूल रोज रिकाम्या पोटी घेतात, पंप ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा आहे. औषध निकामी आहे का?
— एक वाचक, पुणे

औषध बहुधा रक्तात पोहोचतच नाही. इट्राकोनाझोलच्या साध्या कॅप्सूलला विरघळायला पोटात आम्ल लागतं. पित्ताची कॅप्सूल तेच आम्ल बंद करते. साध्या कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायच्या, पित्ताच्या गोळीची खरंच गरज आहे का ते डॉक्टरांना विचारायचं, आणि ती टाळता येतच नसेल तर इट्राकोनाझोलचा दुसरा प्रकार लिहून घ्यायचा. ‘सुबा’ नावाच्या प्रकाराला आम्लाची एवढी गरज नसते. त्याची मात्रा वेगळी असते. सुबाची ६५ मिलिग्रॅम साध्या १०० मिलिग्रॅमच्या बरोबरीची धरतात. दुकानदाराने एकाच्या जागी दुसरं दिलं, तर मिलिग्रॅमचा आकडा सारखा दिसूनही मात्रा चुकते. तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय ते आजच पाहा.

पित्ताच्या कॅप्सूलचं पूर्ण नावही वाचा. अनेक कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असतं. इट्राकोनाझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र घ्यायचे नसतात, त्याने हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन किंवा ॲटोरवास्टॅटिन चालू असेल तर तेही सांगा. इट्राकोनाझोलमुळे त्यांची पातळी चढते आणि स्नायू दुखावतात. हृदयाची ताकद कमी असलेल्यांना हे औषध देत नाहीत. पाय सुजले, रक्तदाब वाढला, चढावर आधीपेक्षा लवकर दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पंपाचा मुद्दा बहुतेकांकडून राहून जातो. ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन ही स्टिरॉइडं यकृतात ज्या मार्गाने मोडतात, तोच मार्ग इट्राकोनाझोल अडवतं. मग पंपातलं थोडंसं स्टिरॉइड अंगात साठत जातं. काही आठवड्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं, साखर वाढते, आणि शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावतं. बेक्लोमेथासोनचा पंप या बाबतीत बराच सुरक्षित. बदल डॉक्टरांनी करायचा, पंप घरीच बंद करायचा नाही.

आता करायचं काय? औषध सुरू होऊन दोन आठवडे झाले की रक्तातली इट्राकोनाझोलची पातळी मोजता येते. पुढची मात्रा घेण्याआधी रक्त द्यायचं. लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आली, तर औषध बदलायच्या आधी घेण्याची पद्धत सुधारायची. त्याच वेळी यकृताची तपासणी आणि पोटॅशियमही बघून घ्या. आयजीई दर आठ आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत. उपचार लागू पडला तर ते किमान २० टक्क्यांनी उतरतं. तुमच्याकडे सहा टक्केच उतरलं आहे. ते नॉर्मल होण्याची वाट मात्र पाहू नका, या आजारात ते सहसा होतच नाही. उपचारानंतर जो सर्वांत खालचा आकडा स्थिरावेल, तो यजमानांचा आकडा. वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढे कधी त्रास वाढला आणि आयजीई त्या आकड्याच्या दीडपट झालं, तर आजार उलटला असं धरतात.

‘स्टिरॉइड का दिलं नाही’ असंही तुम्ही विचारलंय. दोन्ही रस्ते मान्य आहेत. प्रेडनिसोलोन किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ३०, दोन ते चार आठवडे देतात आणि मग उतरवत चार महिन्यांत थांबवतात. किंवा इट्राकोनाझोल चार महिने. चंडीगडच्या पीजीआय संस्थेने १३१ रुग्णांवर दोन्ही ताडून पाहिले. २०१८ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत सहा आठवड्यांनी प्रेडनिसोलोनने सगळ्यांना, तर इट्राकोनाझोलने ८८ टक्क्यांना उतार पडला. स्टिरॉइडचे दुष्परिणाम मात्र कितीतरी जास्त होते. मधुमेह असलेल्या माणसाला आधी इट्राकोनाझोल देणं आम्हाला योग्य वाटतं, पण ते वर सांगितल्याप्रमाणे पोटात जिरलं पाहिजे.

मला दमा आहे, फ्लुटिकासोनचा पंप घेतो. जांघेतल्या गजकर्णासाठी दुकानातून इट्राकोनाझोल घेऊन अडीच महिने खाल्लं. चेहरा सुजलाय, वजन सहा किलो वाढलं. आता दोन्ही बंद करू का?
— एक वाचक, सांगली

नाही. दोन्ही एकदम बंद केलीत तर चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणं इथवर जाऊ शकतं, कारण तुमच्या शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं बहुधा थांबवलं आहे. वरच्या उत्तरात सांगितलेला पंप आणि इट्राकोनाझोल एकत्र घेण्याचा परिणाम तो हाच. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, दोन्ही पाकिटं बरोबर न्या आणि सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तपासून घ्या. पुढे काय, कधी आणि किती उतरवायचं, ते त्यावर ठरेल. तोवर जोराचा ताप, उलट्या किंवा ऑपरेशनची वेळ आली, तर ही हकीकत तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा. आणि गजकर्णावर तीन औषधांचं मिश्रण असलेलं मलम लावत असाल, तर त्यातही स्टिरॉइड असतं. तेही दाखवा.

ॲस्परजिलसची ॲलर्जी पॉझिटिव्ह, पण टोटल आयजीई १८० युनिट आणि सीटी स्वच्छ. दमा मात्र गंभीर. बुरशीचं औषध घ्यावं का?
— एक वाचक, ठाणे

तुमच्या स्थितीला एबीपीए म्हणत नाहीत. गंभीर दमा आणि सोबत बुरशीची ॲलर्जी, असा हा वेगळा गट आहे. इथे पुरावा दुभंगलेला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत आठ महिने इट्राकोनाझोल घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचं रोजचं जगणं सुधारलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच दुसऱ्या चाचणीत व्होरिकोनाझोल या जवळच्या औषधाने काहीच फरक पडला नाही. म्हणून पहिलं पाऊल पंपाची मात्रा आणि तंत्र, नाकाची ॲलर्जी, ॲसिडिटी, वजन आणि धूर यांकडे. मग ओमॅलिझुमॅब, मेपोलिझुमॅब यांसारखी गंभीर दम्याची इंजेक्शनं. बुरशीचं औषध त्यानंतर, ठरावीक मुदतीची चाचणी म्हणून, आणि मुदतीत फरक पडला नाही तर थांबवायचं. ओमॅलिझुमॅब सुरू झालं की टोटल आयजीई चढलेलं दिसतं आणि त्यावरून आजार मोजता येत नाही. तो आकडा इंजेक्शनाआधीच घेऊन ठेवा.

पावसाळ्यात भिंतीला पोपडे, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, बाथरूमच्या छताला काळे ठिपके. मुलाला दमा आहे. दरवर्षी रंग काढतो, दरवर्षी बुरशी परत. काय करावं?
— एक वाचक, रत्नागिरी

रंग हा उपाय नाही. ओली भिंत रंगवली की पाणी आत कोंडतं आणि बुरशी रंगाखालून वर येते. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. वरच्या भागात आणि गच्चीच्या कोपऱ्यात ओल असेल तर गळती गच्चीची. खिडकीखाली त्रिकोणी डाग असेल तर छज्जा किंवा चौकटीची फट. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत आडवी पट्टी असेल तर पाणी घराच्या पायातून चढतंय. बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडे डाग असेल तर आतली नळी किंवा फरशीचे सांधे. दुरुस्ती एप्रिल-मेमध्ये, भिंत कोरडी असताना. भर पावसात केलेलं वॉटरप्रूफिंग टिकत नाही.

आत्ता पावसात करण्यासारखं इतकं आहे. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून एक वीतभर पुढे ओढा, मागून हवा फिरू द्या. मुलाची उशी त्या भिंतीपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्या. ओले कपडे त्याच्या खोलीत वाळत घालू नका. एका बादलीभर धुण्यातलं दीड-दोन लिटर पाणी सहज खोलीच्या हवेत जातं. दुसरी जागा नसेल तर कपडे बाथरूममध्ये घाला, दार लावा आणि एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. एक साधा आर्द्रतामापक घ्या. आदर्श आकडा ६० टक्क्यांच्या खाली. कोकणात जुलैत खिडकी उघडून तो मिळणार नाही, कारण बाहेरच ९० असतं. पाऊस कोसळत असताना मुलाच्या खोलीच्या खिडक्या बंद, एसीचा ‘ड्राय’ मोड किंवा डीह्युमिडिफायर चालू, उघडीप मिळाली की खिडक्या सताड उघड्या. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुऊन वाळवा. आतल्या गोल पंख्यावर काळे थर दिसले तर जाळी धुऊन भागणार नाही, तंत्रज्ञाकडून आतून साफ करून घ्या.

बुरशी कोरड्या फडक्याने कधीच झटकू नका. एका झटक्यात लाखो बीजाणू उडतात. डिटर्जंटच्या पाण्याने आधी भिजवा, मग ब्रशने घासा, पुसा आणि पंख्याने भिंत कोरडी करा. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. मुलगा त्या दिवशी शेजारी किंवा आजोळी. ब्लीचचा वास दमेकऱ्याची छाती आवळतो, म्हणून डिटर्जंट बरं. ब्लीच वापरलंच तर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. काळा पट्टा दहा चौरस फुटांहून मोठा असेल, तर गिलावा खरवडून काढावा लागेल. ते घरच्यांनी करू नये. कुबट गाद्या आणि उशा धुऊन सुधारत नाहीत, त्या टाकाव्यात. आवडत्या गोधडीबद्दल हे लिहिणं जिवावर येतं, पण ती मुलाच्या खोलीत तरी नको.

एअर प्युरिफायरबद्दल विचारलंय. खऱ्या हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) जाळीचा असेल तर बीजाणू गाळतो. भिंत ओली ठेवून तो लावणं म्हणजे नळ उघडा ठेवून लादी पुसणं. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका.

ॲस्परजिलसची ॲलर्जी आहे. इडली, डोसा, दही, पाव, मशरूम सगळं बंद करायला सांगितलंय. खरंच गरज आहे का?
— एक वाचक, बेळगाव

नाही. ही ॲलर्जी श्वासातून जाणाऱ्या बीजाणूंची. आंबवलेलं पीठ आणि दही जिवाणू आणि यीस्टने आंबतं, त्याचा इथे संबंध नाही. ताजं जेवा. बुरशी आलेला पाव किंवा लोणचं फेकताना हुंगू नका, इतकंच. मशरूम खायला हरकत नाही. धिंगरी अळिंबीची शेड असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथे बीजाणूंचा धूर असतो आणि दमेकऱ्याने तोडणीचं काम करू नये.

भात झोडताना आणि पेंढा रचताना दरवर्षी दमा उसळतो. काम सोडणं शक्य नाही. आमच्या पुण्याच्या बहिणीला सोसायटीतल्या खतखड्ड्यावर गेलं की असाच त्रास होतो.
— एक वाचक, रायगड

दोघांचं कारण जवळपास एकच. ओलसर रचलेला पेंढा आणि कुजणारा ओला कचरा आतून तापतात. त्या उष्णतेत इतर बुरशी मागे पडतात आणि ॲस्परजिलस फोफावते. ढीग फोडला की धुरासारखी उडते ती तीच. पेंढा दोन उन्हं जास्त खाऊ द्या आणि पूर्ण वाळल्यावरच रचा. उडवी फोडायचं काम दुसऱ्या कुणाला द्या, तुम्ही वारा जिकडून येतो त्या बाजूला राहा. उपरणं किंवा सर्जिकल मास्क पुरत नाही. एन-९५ हवा, दोन्ही पट्ट्या लावून, नाकावरची पट्टी दाबून. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. काम झाल्यावर कपडे बाहेर बदला आणि झोपण्याआधी डोकं धुवा. झोडणीच्या दिवसांत रोजचा पंप चुकवू नका. मात्रा तेवढ्यापुरती वाढवायची का, हे मळणी सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

बहिणीला खतखड्ड्याच्या पाळीतून कायमचं वगळायला सांगा. सोसायटीला द्यायला डॉक्टरांची चिठ्ठी मिळेल. खत उलथणारा माणूस मास्क घालतो का, हेही पाहा. त्याच्या श्वासातही तेच जातं.

दोनशे पदार्थांची रक्ताची ॲलर्जी टेस्ट आणि मग लस, असं पॅकेज सुचवलंय. घेऊ का?
— एक वाचक, कोल्हापूर

नको. आधी ॲस्परजिलसचं एक आयजीई आणि डॉक्टर सांगतील त्या दोन-तीन गोष्टी. बुरशीविरुद्धच्या लसींचा पुरावा तोकडा आहे, आणि दमा आटोक्यात नसताना ॲलर्जीची लस देणं धोक्याचं.

हा आजार मुलांना माझ्यापासून लागेल का? माझी नेब्युलायझरची नळी आतून काळी पडली आहे, तीच वापरू का?
— एक वाचक, मडगाव

माणसापासून माणसाला हा आजार लागत नाही. मुलांना मांडीवर घ्या.

ती नळी, मास्क आणि औषधाची वाटी आजच टाका. नवा संच घ्या. औषध पातळ करायला निर्जंतुक सलाइनच वापरा, नळाचं किंवा फिल्टरचं पाणी नाही. प्रत्येक वापरानंतर वाटी आणि मास्क कोमट साबणपाण्यात धुवा, झटका, स्वच्छ कापडावर उघडे वाळवा. ओले असताना पिशवीत भरू नका. नळी धुवायची नसते. औषध संपल्यावर यंत्र एक-दोन मिनिटं रिकामं चालवलं की आतली वाफ निघून जाते. यंत्राच्या हवा ओढण्याच्या छिद्रामागची छोटी फेल्टची चकती राखाडी झाली की बदला.